कठीण परिस्थितीतली गाडी

एका जबाबदार गृहस्थांनी नवी गाडी घेतली आणि तिच्या इंजिनात कोणतं ऑइल घालावं व ते कधी बदलावं, हा प्रश्न उपस्थित झाला. असा प्रश्न घरोघरी उपस्थित होतो आणि गॅरेजवाल्याने गाडी धुऊन परत दिली की आपोआप निकालात निघतो. पण हे गृहस्थ एका मोठ्या कार्यालयात कार्यपद्धती विभागाचे प्रमुख होते. समोर येणाऱ्या प्रत्येक फायलीवर ते हिरव्या शाईने ‘तूर्त थांबावे’ असं लिहीत, म्हणून अख्खं कार्यालय त्यांना तूर्तसाहेब म्हणायचं. आधी पाठीमागे म्हणायचं, मग तोंडावरही म्हणू लागलं. साहेबांनी त्याला हरकत घ्यायचं ठरवलं होतं, पण तो विचार तूर्त थांबवला.

गाडी घेण्याचं कारण साधं होतं. साहेबांच्या आईचे गुडघे गेले होते आणि मावशीचे डोळे चालले होते. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. राहायची डोंगरापलीकडच्या गावात. सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला पोचावं एवढं अंतर. नजर हळूहळू जाणार, ऑपरेशनचा उपयोग नाही, असं डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं. तिने ते जसंच्या तसं बहिणीला फोनवर सांगितलं आणि पुढे म्हणाली, “मला दिसतंय तोवर ये. नंतर आलीस तर नुसता आवाजच ऐकायचा, आणि तो काय, फोनवर ऐकतेच आहे.” आईला बसची पायरी चढवत नव्हती. म्हणून गाडी.

गाडी दाराशी आली तेव्हा आई पिशवी भरून तयार होती. पिशवीत बहिणीसाठी विणलेला स्वेटर होता, भडक लाल, कारण फिकट रंग बहिणीच्या नजरेतून आधीच सुटले होते. साहेब म्हणाले, निघूच, फक्त आधी गाडीबरोबर आलेलं पुस्तक वाचून घेतो.

हे पुस्तक वाचायचं नसतं, गाडीच्या खणात ठेवायचं असतं, हे साहेबांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी ते खुर्चीत ताठ बसून, अधोरेखित करत वाचलं. त्यात लिहिलं होतं की ऑइल दहा हजार किलोमीटरला किंवा वर्षातून एकदा, जे आधी होईल तेव्हा बदलावं. ‘जे आधी होईल’ या शब्दांत साहेबांना आपल्याच खात्याचा हात दिसला आणि पुस्तकाबद्दल आदर वाटला. पण खाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती: वाहन कठीण परिस्थितीत चालत असल्यास ही मुदत निम्मी समजावी. कठीण परिस्थिती म्हणजे काय, तेही दिलं होतं. धूळ, रहदारी, ऊन, थंडी, चढ, उतार, जड सामान, जवळचे प्रवास, लांबचे प्रवास आणि दीर्घकाळ एका जागी उभं राहणं. साहेबांनी बराच वेळ विचार केला. कठीण नसलेली परिस्थिती फक्त शोरूमच्या आत असते आणि गाडी तर तिथून बाहेर पडलेली आहे, असा निष्कर्ष निघाला.

बायको म्हणाली, “अहो, मग आपलं काय? आपण जन्मभर याच परिस्थितीत राहतोय.”

साहेब म्हणाले, आपली वॉरंटी संपलेली आहे.

मुदत निम्मी झाली. तिची खातरजमा करायला साहेबांनी शोरूममधल्या सल्लागाराला फोन लावला. सल्लागाराचा टाय घट्ट आणि मत सैल होतं. तो म्हणाला, पुस्तक बरोबरच आहे सर, पण पुस्तक सगळ्यांसाठी असतं. तुमच्यासारखे काळजी घेणारे ग्राहक पुस्तकाच्या आधीच येतात. साहेबांनी मुदत पुन्हा निम्मी केली.

मग मेहुणा आला. मेहुणा गाड्यांतला जाणकार होता. त्याची स्वतःची गाडी कधीच नव्हती, त्यामुळे त्याची मतं अनुभवाने गढूळ झालेली नव्हती. बॉनेटवर टिचकी मारून तो म्हणाला, “दाजी, नव्या इंजिनात भाग एकमेकांवर घासतात, त्याचा चुरा ऑइलमध्ये उतरतो. ते ऑइल आत ठेवायचं म्हणजे पोटात खिळे घेऊन फिरण्यासारखं आहे. बघा बुवा. गाडी तुमची.”

‘गाडी तुमची’ हे शब्द ऐकले की ज्याला घाम फुटत नाही तो गाडीमालक नव्हे. मुदत आणखी निम्मी झाली.

कोणतं ऑइल, हा उरलेला अर्धा प्रश्न साहेबांनी फोनवरच्या एका गाडीमालकांच्या गटात मांडला. तिथे दोन पंथ होते, पातळवाले आणि जाडवाले. पातळवाल्यांच्या मते जाड ऑइल घालणारा माणूस स्वतःच्या इंजिनाचा गळा दाबत होता. जाडवाल्यांच्या मते पातळ ऑइल घालणारा पाणी घालून मोकळा झाला असता तरी फरक पडला नसता. दोन्ही बाजूंना डॉक्टर, प्राध्यापक आणि एक निवृत्त न्यायाधीश होते. न्यायाधीश जाडवाले होते आणि फार घाण बोलायचे. साहेबांनी नम्रपणे विचारलं, पुस्तकात जे लिहिलंय तेच घातलं तर? दोन्ही पंथांनी एकजुटीने त्यांना गटातून काढलं. त्या गटात एकमताने झालेला हा एकमेव ठराव.

शेवटी साहेबांनी कार्यालयातलं जुनं तत्त्व वापरलं. उशिरा बदलून इंजिन बिघडलं तर विचारणा होते. लवकर बदलल्याबद्दल आजवर कुणालाही खुलासा द्यावा लागलेला नाही. त्यांनी सगळ्यात महाग ऑइल निवडलं आणि मुदत सगळ्यांनी सांगितली त्याहून कितीतरी कमी, शंभर किलोमीटरच्या आत ठरवली. घरात तसं तोंडी परिपत्रक काढलं. आई म्हणाली, छान झालं, आता निघू या.

आणि खरोखरच निघाले. आई मागच्या सीटवर पिशवी मांडीवर घेऊन बसली. साहेब म्हणाले, वाटेत अधिकृत सर्व्हिस सेंटरला ऑइल बदलू आणि तसेच पुढे जाऊ. आता हे सेंटर होतं शहराच्या दुसऱ्या टोकाला, कारखान्यांच्या मागे. तिथवर रस्ता खोदलेला, ट्रकांची रांग, धूळ, ऊन आणि एक चढ. म्हणजे पुस्तकातली कठीण परिस्थिती जवळजवळ पानभर. सेंटरवर ऑइल बदललं. आईने काचेच्या खोलीत बसून मशीनचा चहा घेतला आणि समोरच्या टीव्हीवर गाडी धुतानाचा कार्यक्रम पाहिला. मग तिथल्या सल्लागाराने हसतमुखाने काचेवर चिकटपट्टी लावली, पुढच्या बदलाच्या किलोमीटरची. साहेबांनी हिशेब केला. साहेबांच्या मुदतीप्रमाणे पुढचा बदल सेंटरपासून घरापर्यंत जाऊन परत सेंटरला येईपर्यंत देय होत होता. मावशीचं गाव त्याच्या कितीतरी पुढे होतं आणि त्या रस्त्यावर अधिकृत सेंटर एकही नव्हतं.

“एकदा जरा काळ्या ऑइलवर गेलं तर काय होईल रे?” आईने विचारलं.

“तेच कुणी लिहून देत नाहीये,” साहेब म्हणाले.

गाडी घरी आली. मावशीकडे जाणं तूर्त थांबलं.

यानंतर साहेबांचं आयुष्य सुरळीत झालं. सुटी असली की गाडी सेंटरला जायची, ऑइल बदलायची, घरी यायची. जाण्यायेण्यात ऑइल खराब व्हायचं, म्हणून पुन्हा जावं लागायचं. गाडी दुसरीकडे कुठेही गेली नाही, त्यामुळे तिच्या देखभालीत खंड पडला नाही. सेंटरच्या लोकांनी साहेबांना निष्ठावंत ग्राहक म्हणून एक कप दिला, ज्यावर त्यांच्या गाडीचं चित्र होतं. आई तेवढ्या फेऱ्या मागच्या सीटवर बसूनच करायची. तिचं म्हणणं, कधीतरी याच्या मनात येईल आणि हा चुकून पुढे जाईल. साहेब चुकणाऱ्यांतले नव्हते.

मध्ये मावशीचा फोन आला. आता माणूस दिसतो, चेहरा पुसट होतो, असं म्हणाली. खिडकीच्या उजेडात चेहरा अगदी जवळ धरला तर अजून ओळखू येतो. आईने साहेबांना सांगितलं. साहेब खरोखर हलले, कारण माणूस वाईट नव्हता. त्यांनी त्याच दिवशी ऑइलच्या घाऊक व्यापाऱ्याला गाठलं आणि नवी व्यवस्था केली: सेंटरला जाण्यायेण्यातच मुदत संपत असेल, तर ऑइलनेच दारी यावं. व्यापाऱ्याची व्हॅन डबे आणि मेकॅनिक घेऊन इमारतीच्या पार्किंगमध्ये येईल, तिथेच बदल होईल, आणि ताज्या ऑइलवर गाडी थेट मावशीकडे निघेल, वाटेत मुदत संपली की बदलायला व्हॅन मागोमाग.

व्यवस्था उत्तम होती. ऑइल बदललं. साहेबांनी इंजिनातली ऑइल मोजायची पट्टी बाहेर ओढून पांढऱ्या फडक्यावर टेकवली. ऑइल मधासारखं सोनेरी होतं. साहेबांनी ते उजेडात धरलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं की बायको दुसरीकडे बघायला लागली. इतकं सुंदर ऑइल घेऊन बाहेर धुळीत जायचं, हे त्यांच्याच्याने होईना. फडकं घडी करून खिशात ठेवत ते म्हणाले, आज वारा सुटलाय.

तो वारा मग सुटतच राहिला. गाडी जागची हलेना, पण उभ्या गाडीत दमट हवेने ऑइल खराब होतं, म्हणून व्हॅन येतच राहिली. शेजाऱ्यांनी चौकशी केली. साहेबांनी फडकं दाखवलं. तिसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरने आपल्या गाडीची पट्टी काढून पाहिली तर ऑइल काळंकुट्ट. आपण असं काळं पोटात घेऊन इतकी वर्षं गावभर हिंडलो, या विचाराने त्याला दोन घास कमी गेले. त्याने व्हॅनवाल्याचा नंबर घेतला. मग सगळ्यांनीच घेतला. संध्याकाळी पुरुषमंडळी पार्किंगमध्ये जमून एकमेकांची फडकी बघू लागली. ज्याचं जास्त सोनेरी, त्याला सोसायटीच्या बैठकीत आधी बोलायला मिळायचं. पुढे ठरावच झाला की ऑइल डागाळेल असं कोणतंही कृत्य, उदाहरणार्थ गाडी चालवणं, समितीच्या पूर्वपरवानगीशिवाय कुणी करू नये. समितीच्या अध्यक्षपदी अर्थातच तूर्तसाहेब. अर्जांवर ते हिरव्या शाईनेच शेरा लिहीत, आणि काय लिहीत ते सांगायला नको. लोक भाजी आणायला चालत जाऊ लागले. दातांचा डॉक्टर दवाखान्यात रिक्षाने जायचा आणि रिक्षावाल्याला ऑइलबद्दल टोचून बोलायचा.

अशाच एका सकाळी व्हॅन सगळ्या गाड्यांची ऑइलं बदलून निघाली होती. व्हॅन म्हणजे काय चीज होती: एक दार दोरीने बांधलेलं, मागून निळा धूर, आणि सुरू केली की पत्र्याचा कारखाना चालू झाल्यासारखं वाटायचं. आई काठी टेकत खाली आली. हातात पिशवी. चालकाला तिने विचारलं, कुठे रे चाललास बाळा? तो म्हणाला, आजी, डोंगरापलीकडे डबे टाकायचेत. कुठलं गाव, तर मावशीच्याच पुढचं.

“मला घेशील?”

“घेईन की. पण पायरी उंच आहे.”

“मग काहीतरी ठेव खाली.”

चालकाने ऑइलचा एक भरलेला डबा पायाशी ठेवला. आईने त्यावर पाय दिला, चालकाने कोपराला धरलं, आणि आई वर. साहेबांच्या गाडीसाठी आलेल्या एवढ्या ऑइलपैकी तेवढा एक डबा कामाला आला.

साहेब तोवर धावत आले. त्यांच्या गळ्यात समितीचा बिल्ला होता आणि हातात फडकं. या खटाऱ्यात बसून डोंगर चढायचा म्हणजे काय, असं काहीतरी ते मेहुण्याच्या, पुस्तकाच्या आणि निवृत्त न्यायाधीशांच्या हवाल्याने बोलू लागले. मग चालकाकडे वळून त्यांनी अधिकृत प्रश्न विचारला, “यात ऑइल कोणतं आहे?”

“माहीत नाही बुवा. मालक घालतो.”

“शेवटचं कधी बदललं?”

चालकाने आठवायचा खूप प्रयत्न केला. “मी लागलो त्याच्या आधी,” तो म्हणाला.

 आई खिडकीतून म्हणाली, “तू ये मागून. घाई नको करू.” व्हॅनने धूर सोडला, फाटक ओलांडलं आणि ती गेली. इमारतीतल्या सगळ्या गाड्या धुतलेल्या, पुसलेल्या, सोनेरी ऑइलने काठोकाठ भरलेल्या, जागच्या जागी उभ्या होत्या.

संध्याकाळी आईचा फोन आला. पोचले, म्हणाली. पुढे आणखी काही सांगणार होती, पण साहेबांनी मध्येच विचारलं की चढावर इंजिनातून कसला आवाज येत होता का. आईने फोन ठेवला. रात्रभर साहेब एकच गोष्ट घोकत होते: ते इंजिन चाललं कसं? याचं उत्तर त्यांना मिळालं नाही, आणि ज्या वस्तूबद्दल उत्तर मिळत नाही ती घरात ठेवू नये, म्हणून त्यांनी गाडी विकायला काढली. जाहिरातीला प्रतिसाद तुफान आला. पातळ घालता की जाड, दर किती किलोमीटरला बदलता, फडक्याचा फोटो पाठवा. मी स्वतः त्यांच्याकडे बसलो होतो तेवढ्या वेळात फोन खाली ठेवायला मिळाला नाही. ही गाडी कधी कुठे पोचली का, असं कुणी विचारलं नाही.

तुम्हीही, खरं सांगा, इथपर्यंत आलात ते शेवटी कोणतं ऑइल चांगलं ते कळेल म्हणून. मध्ये कुठेतरी मावशीला बहीण दिसली की नाही, हे विचारावंसं वाटलं का? ज्यांना वाटलं त्यांना सांगतो. दिसली. मावशीने तिला खिडकीत ओढलं, दोन्ही हातांत तोंड धरलं, अगदी नाकाला नाक लागेल इतकं जवळ, आणि म्हणाली, “केवढी म्हातारी झालीस गं तू, आणि कसला हा ऑइलचा वास.”

ज्यांना वाटलं नाही त्यांच्यासाठी गाडी अजून विक्रीला आहे. ऑइल कालच बदललंय.