खाडीतला गोल दगड

दोन सूटकेसा दाराशी उभ्या होत्या आणि तिसरी भरत आली होती. अचूकराव खुर्चीत बसून तिन्हींकडे आळीपाळीनं बघत होते. बायको संध्याकाळी सहाच्या बसनं मुलीकडे जाणार होती. चार दिवसांसाठी नव्हे, कायमची. भांडण नाही, तंटा नाही, आदळआपट नाही. नुसतं एक दिवस भाजी चिरता चिरता ती म्हणाली होती, "मी आता मुलीकडेच राहीन म्हणते. इथं माझं काय अडलंय?" तिचं काय अडलंय हे अचूकरावांना त्या वेळी पटकन सुचलं नाही, आणि सुचेपर्यंत तिकीट निघालं होतं.

"फक्त एक करा," सूटकेसचं झाकण गुडघ्यानं दाबत ती म्हणाली. "ती खाडी तेवढी दाखवा. बावीस वर्षं ऐकतेय, 'पुढल्या वर्षी नेतो, पुढल्या वर्षी नेतो.' माझा भाऊ खाली होडी घेऊन आलाय. आज दाखवा, म्हणजे मी मोकळी."

अचूकराव खुर्चीत सावरून बसले. नेमकी तीच खाडी! एरवी कुठलीही म्हणाली असती तरी चाललं असतं.

अचूकराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. किनाऱ्याचे नकाशे काढणाऱ्या ऑफिसात बत्तीस वर्षांत त्यांनी एक रेघ चुकवली नाही, म्हणून तिथल्या लोकांनी हे नाव ठेवलं होतं. मोजणीवाले समुद्रावर जाऊन पाण्याची खोली मोजत आणि पेन्सिलीनं कच्चा कागद करून आणत. अचूकराव त्यावरून शाईनं पक्का नकाशा उतरवत. शिडाच्या होड्यांनी कुठं जावं, कुठं नांगर टाकावा, तिथून डिंगीनं, म्हणजे मागं बांधलेल्या वल्ह्याच्या छोट्या होडीनं, किनारा कसा गाठावा, हे सांगणारं एक जाडजूड पुस्तक ऑफिसनं छापलं होतं. त्यातल्या अठ्ठावीस जागांचे नकाशे अचूकरावांच्या हातचे. निवृत्तीला 'निर्दोष सेवा' असं लिहिलेली पाटी मिळाली, ती बैठकीच्या खोलीत टांगलेली होती. तिच्याकडे बघायचं मात्र ते टाळत.

कारण पुस्तक छापून आल्यावर, कच्चे कागद फायलीत लावताना, त्यांना सगळ्यात सुंदर खाडीच्या कागदावर एक तपकिरी वर्तुळ दिसलं होतं. त्यांनी कागद नाकाशी धरला. चहा! कुठल्या तरी बेसावध क्षणी आपण कप ठेवला, त्याचा डाग पडला आणि तोच डाग आपण शाईनं गिरवून खाली 'दगड' असं लिहिलं, हे त्यांच्या लक्षात आलं. मोजणीची वही समोरच्या कपाटात होती. ती उघडून खात्री करून घ्यायचा धीर मात्र निवृत्त होईपर्यंत झाला नाही.

आणि म्हणूनच बायकोला खाडी दाखवायची राहिली. तिथं गेलं आणि दगड दिसला नाही तर? घरात चार चांगल्या वस्तू नव्हत्या, धड फिरणं झालं नव्हतं, पण आपला नवरा कामात चुकत नाही एवढं तरी बायकोला सांगता येत होतं. तेही घालवायचं?

निघाले. आभाळ भरून आलेलं, समुद्राचा रंग मळकट. मेहुणा सुकाणूवर उभा राहून एकटाच बडबडत होता. त्याची होडी लहानशी, एका शिडाची, मागं दोरीनं डिंगी बांधलेली. त्याच्यापुढं पुस्तक उघडं होतं, आणि पुस्तकावर त्याची अपार श्रद्धा होती.

"भाऊजी, तुमच्या या दगडाला मानलं हं! खाडीच्या बरोबर मध्यावर. नाहीतर आत काय जागा आहे! वारा नाही, लाट नाही. पण दगडामुळं आपण कधी आत शिरलो नाही. नांगर बाहेरच टाकायचा आणि डिंगीनं कडेकडेनं जायचं."

"बाहेर फार हेलकावे बसतात का रे?" बायकोनं विचारलं.

"बसतात ना ताई. परवा एकाची कवळी पाण्यात गेली."

बाहेर नांगर पडला आणि होडी अशी डोलायला लागली की सकाळी खाल्लेलं सगळं अचूकरावांनी समुद्राला परत केलं. बायकोनं मुकाट्यानं पाण्याची बाटली पुढं केली. तिच्या हातात थर्मास होता, तो तिनं पोटाशी घट्ट धरला होता. खाडीत बसून चहा प्यायचा, एवढीच तिची हौस.

तिघं डिंगीत उतरले. मेहुण्यानं वल्ही हातात घेतली आणि डिंगी कडेला वळवली.

"सरळ का नाही जात?" अचूकरावांच्या तोंडून निघून गेलं.

"सरळ? दगडावर? अहो, तुम्हीच काढलाय ना?"

"हो... मीच."

"मग!"

ओहोटी लागली होती. कडेचं पाणी बघता बघता आटलं आणि डिंगी चिखलात रुतली. मेहुण्यानं वल्हं चिखलात रोवून जोर लावला, तसं ते मधोमध मोडलं. मग तिघंही खाली उतरले. चिखल गुडघ्यापर्यंत. अचूकरावांचा डावा बूट चिखलानं ठेवून घेतला. बायको दोनदा घसरली, दुसऱ्यांदा बसलीच, पण थर्मास तिनं वर धरलेला होता. अर्धा तास ढकलाढकली केल्यावर डिंगी पाण्याला लागली आणि उरलेल्या एका वल्ह्यानं गरागरा फिरत कशीबशी होडीपाशी परत आली. खाडी राहिली आतच.

होडीवर चढून बायकोनं हातापायांचा चिखल पुसला. "झालं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, तेच अचूकरावांना सोसेना. "पाहिली खाडी. चला आता. सहाची गाडी गाठायचीय."

अचूकरावांनी तिच्याकडे पाहिलं. कपाळाला चिखल, केस विसकटलेले. उद्यापासून ही समोर नसणार. पाटी तेवढी भिंतीवर असणार.

"तिथं दगड नाहीये," ते म्हणाले.

"काय?" मेहुणा नांगराची दोरी ओढता ओढता थांबला.

"दगड नाहीये. चहाचा डाग आहे. मी कागदावर कप ठेवला आणि मग तोच गिरवला. खाडी आतून मोकळी आहे. बावीस वर्षं मला माहीत आहे."

बायकोनं मान खाली घातली, ती वर केलीच नाही. मेहुणा मात्र लालबुंद झाला.

"बावीस वर्षं! भाऊजी, बावीस वर्षं मी वळसा घालतोय! माझी दोन वल्ही मोडली, आजचं धरून तीन! लोकांना मी छाती ठोकून सांगत होतो, दगड आहे, माझ्या भाऊजींनी काढलाय!"

"चुकलं रे."

"चुकलं काय? ताई, धरून बस. आज खाडीच्या मध्यावर नांगर टाकतो की नाही बघ!"

त्यानं नांगर उचलला, शीड ताणलं आणि होडी सरळ आत घातली. खाडी खरंच सुंदर होती. दोन्हीकडून टेकड्या पाण्यापर्यंत उतरलेल्या, मध्ये पाणी निवांत. अचूकरावांच्या मनावरचं ओझं उतरलं होतं आणि त्याची जागा रिकामी रिकामी वाटत होती. मेहुणा पुस्तकातल्या वर्तुळावर बोट आपटत ओरडला, "हे बघा, आता आपण बरोब्बर तुमच्या कपात आहोत!"

त्याच क्षणी बुडाखाली धाडकन आवाज झाला. होडी जागच्या जागी थांबली, किंचित उचलली गेली आणि डाव्या अंगाला कलंडून बसली. मेहुणा शिडाच्या दोरीला लोंबकळला.

मग अचूकरावांनी वाकून पाहिलं. हातभर पाण्याखाली एक काळाकभिन्न दगड होता. शिंपल्यांनी भरलेला आणि गोल.

"आहे की दगड!" मेहुणा रडकुंडीला येऊन म्हणाला. "भाऊजी, आहे ना दगड! मग नाही कशाला म्हणालात?"

अचूकरावांना काहीच उमगेना. आयुष्यात एकदा धीर करून चूक कबूल केली, तर तीही चुकीची निघाली.

"तो कप मी ठेवला होता," बायको खालमानेनंच म्हणाली.

"तू?"

"तुम्ही कागद घरी आणला होता. चहा द्यायला आले तर टेबलभर आकडेच आकडे. मधोमध तेवढी जागा मोकळी होती, पेन्सिलीनं काहीतरी गिरगटलेलं फक्त. तिथं ठेवला. डाग पडला म्हणून ओल्या फडक्यानं पुसायला गेले. डाग राहिला आणि पेन्सिलीचंच पुसलं गेलं. भीतीनं बोलले नाही." तिनं थर्मास आणखी घट्ट धरला. "मग पुस्तकात तो गोल पाहिला. वाटलं, तुम्हाला सगळं कळलंय. म्हणूनच मला या खाडीला नेत नाहीत. म्हणूनच बोलत नाहीत."

"अगं, मी तर तुझ्यापासून लपवत होतो!"

"आणि मी तुमच्यापासून!"

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. बावीस वर्षं एकाच टेबलावर जेवून दोघांनी एकच गोष्ट लपवली होती; पुसला गेला तो मोजणीवाल्यांचा खरा दगड आणि डाग पडला बरोबर त्याच्याच जागी, म्हणजे दोघांचीही भीती फुकट गेली होती. अचूकरावांना हसावं की रडावं ते कळेना. डोळे भरून आले, ते त्यांनी पुसलेही नाहीत.

"भरती चढेपर्यंत होडी हलायची नाही," मेहुणा तोंड पाडून म्हणाला. "सात तरी वाजतील."

"म्हणजे सहाची..." अचूकराव अडखळले.

"गेली," बायको म्हणाली. तिनं थर्मास उघडून झाकणात चहा ओतला आणि ठेवायला जागा शोधू लागली. सगळं तिरपं. सपाट असं फक्त मेहुण्याच्या हातून सुटून तिच्या मांडीवर आलेलं पुस्तक.

"ताई, त्याच्यावर नको!" मेहुणा किंचाळला. "हातात धर!"

तिनं चहा नवऱ्याच्या हातात दिला आणि पुस्तकाची पानं उलटू लागली. एक नकाशा, दुसरा, तिसरा.

"अहो, या अठ्ठावीसातले घरी किती आणले होते?"

"सगळेच," अचूकराव म्हणाले. "का गं?"

"चहा मी रोजच देत होते," ती म्हणाली. "फडकंही रोज फिरवत होते."

मेहुण्यानं दोन्ही हातांनी डोकं धरलं. अचूकरावांनी चहाचा घोट घेतला. निवला होता.

"मग आता?" त्यांनी भीत भीत विचारलं.

"आता काय! एकेक करून सगळ्या जागा जाऊन बघाव्या लागतील. मुलीला कळवते, सूटकेसा परत रिकाम्या करतेय म्हणून."