ठोंब्याला चेंडू ओळखता येतो

"रोबो म्हणजे काय गं? न रडणारं मूल! दोन वाढवलीत मी. हा तिसरा तर नुसता चाकांवरचा!"

ताईच्या आईनं हे वाक्य इतक्या ऐटीत फेकलं की कडेवरच्या बोक्यानंसुद्धा तोंडातली मूठ बाहेर काढून तिच्याकडे पाहिलं. बोका म्हणजे ताईचा धाकटा भाऊ. नुकताच रांगायला लागलेला, आणि घरातलं जे जे तोंडात मावेल ते ते आपलंच, अशी ठाम समजूत असलेला. ताई म्हणजे अर्थातच बोक्याची ताई. बोका जन्मला त्या दिवसापासून घरानं तिचं आधीचं नाव घडी घालून माळ्यावर ठेवून दिलं होतं.

ताई नववीत होती. डोकं असं की बंद पडलेला पंखा तिच्याकडे नुसतं बघून चालू व्हावा. पण पायांचं आणि तिचं जमत नसे. धावणं हा प्रकार तिला मुळातच असभ्य वाटायचा. बस समोरून निघाली तरी ही बाई सावकाश चालत जाऊन ती चुकवायची!

आणि नेमकं तिथंच घोडं अडलं होतं. शाळेचा नियम होता की प्रत्येक मुलानं खेळाचं क्रेडिट मिळवायचंच. ते नसेल तर भर सुट्टीत रोज सकाळी मैदानाला फेऱ्या! आणि शाळेच्या रोबो टीमची मोठी स्पर्धा होती त्याच सुट्टीत, दुसऱ्या गावी. म्हणजे टीमची कप्तान इथं धापा टाकणार आणि तिनं वर्षभर जोडलेला रोबो तिच्याशिवाय तिकडे जाणार. या विचारानं ताईला जेवण जात नव्हतं. तिला जेवण जात नाही म्हटल्यावर आईला झोप येत नव्हती. बोका तेवढा दोन्ही व्यवस्थित करत होता.

शेवटी मुख्याध्यापिकांनी, म्हणजे मोठ्या बाईंनी, एक वाट काढली. रोबो टीममधला सहभाग हाच खेळ धरायचा आणि त्याचंच क्रेडिट द्यायचं. फक्त खेळाच्या सरांनी एकदा डोळ्यांनी बघून होकार द्यायला हवा.

खेळाच्या सरांना सगळी शाळा शिट्टी सर म्हणायची. सर बोलायचे कमी, वाजवायचे जास्त. त्यांनी एक शिट्टी मारली की धावणारी मुलं थांबायची, भांडणारी मुलं थांबायची, रस्त्यावरून जाणारे सायकलवालेसुद्धा थांबायचे.

"ज्यात घाम येत नाही तो कसला खेळ?" सर म्हणाले. "मग उद्या झोपेलाही क्रेडिट द्या! बरं, दाखवा तुमचं यंत्र. माझ्यासमोर त्यानं चेंडू उचलून टोपलीत टाकला तर देतो क्रेडिट. नाही टाकला, तर ताई, सुट्टीत भेटूच!"

त्या यंत्राचं नाव ठोंब्या. उंची गुडघ्याएवढी, पुढं दोन हात, कपाळावर कॅमेऱ्याचा एकच डोळा आणि पाठीवर बंद करायचं लाल बटण. स्पर्धेत सुरुवात पंचांच्या शिट्टीनं होते, म्हणून शिट्टी ऐकली रे ऐकली की कामाला लागायचं, एवढं ताईच्या मैत्रिणीनं त्याच्या डोक्यात पक्कं बसवलं होतं. या मैत्रिणीच्या खिशात सदा वायरींची भेंडोळी असत, म्हणून तिला वायरी म्हणायचे.

आता राहिलं होतं फक्त चेंडू ओळखायला शिकवणं. त्यासाठी चेंडूचे भरपूर फोटो काढून ठोंब्याला दाखवायचे होते. शाळेतल्या प्रयोगशाळेला रंग लागत होता, म्हणून ठोंब्या मुक्कामाला घरी आला, आणि आईनं सुरुवातीचं ते ऐतिहासिक वाक्य उच्चारलं.

"आई, फोटो खूप लागतील हं. आणि मला तर शाळा."

"तू जा गं. मी काढते. बोका झोपला की मी मोकळीच!"

आईच्या या मोकळेपणात भांडी, कपडे, केर आणि दारावरची बेल एवढंच असायचं. पण लेकीसाठी तिनं कंबर कसली. हिरवा चेंडू जमिनीवर ठेवला. बोका झोपेतून उठून, रांगत येऊन तो चाटून परत गेला. कोचावर ठेवला, तर बोक्यानं कोच चढायची पहिली मोहीम काढली. शेवटी आईनं चेंडू स्वतःच्या पोटाशी धरला आणि दुसऱ्या हातानं ठोंब्याच्या कॅमेऱ्याचा रिमोट दाबत राहिली. खिडकीपाशी उभी राहून, ओट्यापाशी उभी राहून, एका पायानं बोक्याला थोपवत. अंगात अर्थात तो पिवळाधमक गाऊन. तो ताईच्या बाबांनी आवडीनं आणला होता, हे रंगावरूनच कळायचं. पण त्याला दोन मोठे खिसे होते, आणि खिसे असलेला गाऊन आई झाल्यावर बाई अंगावेगळा करत नाही.

आठवड्यानं घरच्या घरी परीक्षा झाली. आई हातात चेंडू घेऊन दाराशी उभी राहिली. वायरीनं शिट्टी वाजवली. ठोंब्या जागचा हलला, डोळा फिरवला आणि सुसाट आईच्या पायाशी येऊन हात पसरून उभा राहिला! आईनं चेंडू त्याच्या हातात दिला, त्यानं तो टोपलीत टाकला, आणि आनंदाची धून वाजवली.

"ओळखला! चेंडू ओळखला!" ताई आणि वायरी नाचायला लागल्या.

"मग? शिकवलंय कुणी?" आईची छाती गाऊनमध्ये मावेना.

परीक्षेच्या दिवशी आई ठेवणीतला निळा ड्रेस घालून, बोक्याला काखोटीला मारून शाळेच्या व्यायामशाळेत हजर झाली. मोठ्या बाई खुर्चीत बसल्या होत्या. हिरवा चेंडू हॉलच्या मधोमध, पलीकडे टोपली. ताईचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"घाबरू नकोस गं," आई कानात म्हणाली. "माझ्या हाताखालून गेलाय तो."

तेवढ्यात शिट्टी सर आले. मोठ्या बाई येणार म्हणून सरांनी आज खास नवा ट्रॅकसूट घातला होता. जॅकेटही तसंच, पँटही तशीच. लखलखीत, पिवळाधमक!

आईच्या मनात आलं, 'अय्या, माझ्या गाऊनचाच रंग!' एवढंच आलं. पुढचं काहीच आलं नाही.

सरांनी छाती भरून शिट्टी मारली.

ठोंब्या हलला. डोळा फिरवला. चेंडूकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. तो गर्रकन वळला आणि वर्षानुवर्षं ताटातूट झालेल्या लेकरासारखा थेट सरांकडे झेपावला!

"अरे, अरे! चेंडू तिकडे आहे!" सर म्हणाले. ठोंब्यानं त्यांच्या पोटरीला मिठी मारली आणि त्यांना टोपलीच्या दिशेनं ओढायला सुरुवात केली.

"ताई, हे काय? सोडायला सांग याला!"

"सर, बटण पाठीवर आहे! हलू नका!"

पण पोटरीला यंत्र चिकटलेलं असताना हलू नका, हे सांगणं सोपं! सरांनी पाय झटकला, मिठी सुटली, आणि सरांनी धूम ठोकली. ठोंब्या मागे! मग सरांनी तेच केलं जे ते आयुष्यभर करत आले होते. सगळं थांबवायला त्यांनी जोरात शिट्टी मारली.

शिट्टीनं सगळी शाळा थांबायची. ठोंब्या एकटा सुरू व्हायचा. त्याला वाटलं, नवा डाव! तो दुप्पट हुरूपानं निघाला.

"सर, शिट्टी नका वाजवू!" वायरी ओरडली.

"काय?" फुर्रर्र!

"शिट्टी! नका!"

"मग थांबवू कशानं?" फुर्रर्र! फुर्रर्र!

आणि मग व्यायामशाळेनं एक चमत्कार पाहिला. ताई धावली! नुसती धावली नाही, सुटली! सर गाद्यांवरून गेले, ठोंब्या गाद्यांवरून गेला, ताई गाद्यांवरून गेली. सर बाकाला वळसा घालून निघाले, ताई बाकाखालून सरपटत निघाली. उडी मारायच्या लाकडी घोड्याशी ती वर्षभर नुसती टेकून उभी राहायची. आज तिनं दोन्ही हात टेकून तो ओलांडला आणि आपण काय केलं हे तिला कळलंही नाही.

आईही मागून ओरडत होती, पण सवयीनं. "सोड! सोड म्हणते ना! घाण आहे ते! शी! छी!"

"अहो बाई, मी घाण?" सर धावता धावता म्हणाले.

"तुम्ही नाही हो सर, तो... सोड रे राजा! हे बघ, काऊ बघ!"

ठोंब्यानं काऊ पाहिला नाही. बोक्यानं पाहिला, आणि तो कडेवर टाळ्या पिटायला लागला.

शेवटी भिंतीला लावलेल्या लाकडी दांड्या धरून सर सरसर वर चढले आणि छताशी जाऊन बसले. ठोंब्या खाली थांबला. मान वर केली. दोन्ही हात वर पसरले आणि तसाच उभा राहिला.

आईच्या काळजात चर्रर्र झालं. हे हात तिनं पाहिले होते! ती ओट्यापाशी असली की बोका पायाशी येऊन हेच हात असेच वर करायचा. आणि घरच्या परीक्षेत ठोंब्यानंही तिच्यापुढे अगदी असेच पसरले होते. तिच्यापुढे. ती त्या गाऊनमध्ये असताना!

"सर!" आई किंचाळली. "जॅकेट काढा!"

"काय?"

"अहो, काढा आणि फेका खाली! रंग आवडतो त्याला!"

सरांनी एका हातानं दांडी धरून कसंबसं जॅकेट काढलं आणि लांब भिरकावलं. ठोंब्या वळला, जॅकेटपाशी गेला, ते दोन्ही हातांनी अलगद उचललं, टोपलीत ठेवलं आणि आनंदाची धून वाजवली. सरांची पँटही पिवळीच आहे, हे त्याच्या ध्यानात यायच्या आत ताईनं लांबून सूर मारला आणि पोटावर घसरत जाऊन लाल बटण दाबलं.

मधोमध हिरवा चेंडू जसाच्या तसा होता.

सर खाली उतरले. घामानं चिंब. ताई उठून उभी राहिली. तीही चिंब. तिचे डोळे भरून आले होते. "सर, चेंडू नाही उचलला त्यानं," ती पुटपुटली. "मी येते सुट्टीत."

"रोबो टीमचं क्रेडिट मी देणार नाही," सर धापा टाकत म्हणाले. आईनं बोक्याला घट्ट धरलं. "कशाला देऊ? तुला खेळाचंच देतो! धावणं झालं, अडथळे झाले, घोडा झाला, सूर तर असा मारलास की फुटबॉलवाल्यांनी बघावा! सुट्टीत माझं तोंडही दाखवू नकोस. जा त्या स्पर्धेला!"

"पण सर, मला धावता येत नाही!"

"मी पाहिलंय," सर म्हणाले. "वरून पाहिलंय. पुढच्या वर्षी रिलेच्या टीममध्ये आहेस तू. सराव सकाळी सहाला."

ताईचा हसरा चेहरा अर्ध्यावरच थांबला. आणि तिला सहाला पोहोचवायचं म्हणजे पाचला कुणी उठायचं, हा हिशोब आईनं मनातल्या मनात करून टाकला.

संध्याकाळी घरी ताईनं ठोंब्याला पुन्हा चालू केलं आणि त्यातले सगळे फोटो लॅपटॉपवर एकामागून एक पाहिले. खिडकी, ओटा, दार, कोच. प्रत्येकात कोपऱ्यात बोक्याचा एखादा हात, मधे बोटाएवढा चेंडू, आणि बाकी सगळा गाऊन.

"आई," ताई हसून हसून लोळायची बाकी होती. "अगं, याला चेंडू माहीतच नाही! याला फक्त तू माहीत आहेस!"

"मग? चुकीचं काय शिकवलं मी?" आई गुरगुरली. पण नवे फोटो वायरीच्या घरी काढायचे आणि स्पर्धा होईस्तोवर गाऊन कपाटाबाहेर काढायचा नाही, हे तिनं मुकाट्यानं कबूल केलं. कपाटात टाकण्याआधी तो धुतला आणि गॅलरीत वाळत घातला.

थोड्या वेळानं गॅलरीच्या काचेच्या दारावर टकटक व्हायला लागली. कुकरच्या शिट्टीनं ठोंब्या जागा झाला होता. कुणी सांगायच्या आत तो दाराला कपाळ टेकवून, वाऱ्यावर हलणाऱ्या गाऊनपुढं दोन्ही हात वर करून उभा होता.

आईनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. ताई आत होती, बोका झोपला होता.

"आले रे, आले," ती म्हणाली आणि तिनं त्याला कडेवर घेतलं. बटण तर काय, नंतरही दाबता आलं असतं.