महाराजांची स्टेपनी

एका जंगलात, मुलांनो, एक डांबरी रस्ता होता. जंगलात डांबर कुठून आले, असे मध्येच विचारू नका. हरणे ज्या पायवाटेने पाण्याला जात, तिच्यावर कुणीतरी डांबर ओतले आणि मग तिला विकास म्हणू लागले, एवढेच मला माहीत आहे.

रस्ता आला, तशी प्राण्यांना प्रवासाची हौस आली. तसे ते आधीही हिंडत होतेच. पण पायांनी हिंडण्यात हौस कसली? म्हणून झिपरूअण्णा नावाच्या अस्वलाने चाकांवरचे घर घेतले. त्याला ट्रेलर म्हणायचे. आत झोपायला फळ्या, फळ्यांवर गाद्या, खिडक्यांना पडदे आणि मधाच्या बरण्यांसाठी फडताळ होते. ओढायला शिदबा नावाचा गवा होता.

त्या उन्हाळ्यात तळे आटले. पाणी उरले ते फक्त घाटापलीकडच्या धरणात. झिपरूअण्णाची पिल्ले ओला चिखल चाटू लागली, तेव्हा त्याची बायको मोहाबाई म्हणाली की आता निघायलाच हवे. हौसेची गाडी गरजेला आली.

शेजारचा कानोजी ससा, त्याची बायको कपाशी आणि त्यांची पिल्लेही निघाली. मोहाबाई त्यांना म्हणाली, आमच्या ट्रेलरच्या मागे सावलीत चाला, ऊन लागणार नाही. आत जागा होती. पण गाद्यांना झिपरूअण्णाने नुकतेच नवे अभ्रे घातले होते. सशांच्या पायांना माती असते, हे तुम्हाला माहीत आहेच.

आता स्टेपनीचे सांगतो. ट्रेलरबरोबर एक जादा चाक मिळाले होते. एखादे चाक फुटले, की हे त्याच्या जागी लावायचे. चांगल्या दिवसांत असले चाक नुसते ओझे असते. म्हणून सगळा प्रश्न असा होता, की ते ठेवायचे कुठे.

शिदबाला त्यात प्रश्न दिसत नव्हता. "वहिनी, खाली पोटाला चासीला आवळा," तो म्हणाला. "चांगले जाड बोल्ट घाला. वजन बुडाशी ऱ्हाईल, मागं हेलकावं बसणार न्हाईत." चासी म्हणजे ट्रेलरच्या तळाचा लोखंडी सांगाडा. सगळे घर तिच्यावरच उभे होते.

मोहाबाईलाही ते पटले. तिने मागच्या बंपरवर बोटाने टकटक करून पाहिले होते. तो आतून पोकळ होता. ज्या पत्र्यावर ओले फडके वाळत घालायला मी कचरते, त्याला एवढे जड चाक टांगायचे नाही, असे तिने नवऱ्याला स्वच्छ सांगितले.

झिपरूअण्णाने डोके खाजवले. "अगं, पण खाली लावली तर दिसणार कुणाला?"

मुलांनो, हा प्रश्न नीट ध्यानात ठेवा. आमच्या जंगलात मोठमोठी कामे याच प्रश्नाने सुरू झाली आणि याच प्रश्नाने बुडाली.

तेवढ्यात रंगराव कोल्हे आले. ते जंगलाच्या सत्कार समितीचे अध्यक्ष. कुणाचाही सत्कार असो, तो रंगराव करीत. कुणाचाच नसला, तर सिंहमहाराजांचा करीत. त्यांनी स्टेपनीला घालायचे एक गोल कव्हर आणले होते. त्यावर महाराजांचा हसरा चेहरा होता. महाराजांना हसताना प्रत्यक्ष कुणी पाहिले नव्हते. जे जवळून पाहायला गेले, ते सांगायला परत आले नव्हते. पण चित्रकार हुशार होता.

कव्हर घेणे अगदी ऐच्छिक होते. ज्याची इच्छा नसे, त्याच्या गुहेचा पत्ता रंगराव गोड हसून विचारून घेत. झिपरूअण्णाची इच्छा लगेच झाली.

आता महाराजांचा चेहरा गाडीखाली, धुळीत आणि शेणात कसा ठेवणार? छपरावर ठेवावा, तर ते नुसते आभाळ बघत बसणार, प्रजेकडे पाठ होणार. तेव्हा बंपरच. स्टेपनी टांगायच्या आकड्याचे वेल्डिंग रंगरावांच्या मेहुण्याने केले. मेहुण्याचा धंदा हारतुऱ्यांचा होता, पण ठिणग्या उडताना बघायची त्याला भारी आवड. मग हार घातला, लिंबू-मिरची बांधली आणि बंपरवर नारळ आपटला. नारळ काही फुटला नाही. बंपरला मात्र पोचा पडला. रंगराव म्हणाले, हा शुभशकुन आहे.

गाडी निघाली. पुढे शिदबा, मग ट्रेलर, मग हसरे महाराज आणि महाराजांच्या मागे सावलीत ससे. कानोजी भाविक होता. वाटभर तो त्या चेहऱ्याकडे बघतच चालला. असे सान्निध्य सशाच्या नशिबी कुठले, असे तो कपाशीला पुन्हा पुन्हा म्हणाला. कपाशी पिल्ले मोजत होती.

घाटाच्या पायथ्याशी मागचे डावे चाक धारदार दगडावर फाटले. मोठा आवाज झाला आणि ट्रेलर एका कुशीवर कलला. मोहाबाईने जॅक काढला, पाना काढला आणि कव्हरच्या दोरीला हात घातला.

रंगराव आडवे आले. धरणावर महाराजांचा मुक्काम होता, म्हणून तेही ट्रेलरमध्ये बसूनच निघाले होते. त्यांच्या पायांना माती नसे. महाराजांच्या अंगावरून कव्हर असे भररस्त्यात ओढता येणार नाही, त्यासाठी वेगळा कार्यक्रम घ्यावा लागेल, असे त्यांचे म्हणणे पडले. आणि समजा काढले, तरी ज्या चाकाने महाराजांचे मुख मिरवले, ते आता अस्वलाच्या वजनाखाली धुळीत फिरवायचे?

"अहो, चाक आहे ते," मोहाबाई नवऱ्याला म्हणाली. "फुटल्यावर लावायलाच घेतलंय ना आपण?"

"अगं हळू बोल," झिपरूअण्णा म्हणाला. "लोक बघतायत."

लोक म्हणजे ससे. तेवढेच लोक तिथे होते.

शेवटी कपाशी पुढे झाली. तिने रानातले वाळके गवत उपटून आणले आणि फाटलेल्या टायरमध्ये ठासून भरले. सशाच्या बायकोला गवतातले कळते. चाकाला थोडी फुगी आली. घाट चढेपर्यंत निभेल, पण हळू जा, असे तिने शिदबाला बजावले. अशा रीतीने आमच्या जंगलाची गाडी गवतावर चालू लागली आणि चांगले चाक मागे टांगून हसत राहिले.

चढण सुरू झाली. गवताचे चाक दर फेऱ्याला ठेचाळे. त्याबरोबर ट्रेलरचे बूड डावीकडे जाई, मग उजवीकडे. बंपर कुरकुरू लागला. मागचं काहीतरी मला ओढून धरतंय, असे शिदबाने ओरडून सांगितले. त्यावर रंगराव खिडकीतून म्हणाले, तो महाराजांचा भार आहे, अभिमानाने वाहावा.

एका वळणावर मोठा खड्डा होता. पुढची चाके उतरली, चढली. मागची उतरली. मेहुण्याचे वेल्डिंग बारीक आवाज करून सुटले, पोकळ पत्रा केळीच्या सालीसारखा सोलला गेला आणि स्टेपनी रस्त्यावर आदळली. तिने एक गिरकी घेतली, मग उभी राहिली आणि उताराला लागली. झोकांड्या खात चाललेल्या त्या चाकावर महाराज कधी सुलटे हसत होते, कधी उलटे.

आमच्या जंगलात एक रीत होती. महाराजांची तसबीर समोरून आली, की जिथे असाल तिथे थांबायचे आणि हात जोडायचे.

कपाशीने रीतबीत काही पाहिली नाही. दोन पिल्ले काखोटीला मारली, उरलेल्यांना ढकलले आणि रस्त्याकडेच्या चरात उडी घेतली. तिथून ती किंचाळली, "अहो, बाजूला व्हा."

कानोजी रस्त्याच्या मधोमध उभा होता. त्याचे हात जोडलेले होते. "अगं, महाराज आहेत," तो म्हणाला.

इथे हसायचे नाही, मुलांनो. चाक कानोजीच्या मागच्या पायांवरून गेले. ससा म्हणजे चार पाय आणि त्यातले मागचे दोन म्हणजे सगळा ससा. तो जगला, पण पुन्हा धावला नाही. मला हे सांगताना अजून राग येतो आणि तो कुणावर काढावा हे अजून कळलेले नाही.

चाक खाली करवंदीच्या जाळीत अडकले. रंगराव चाकाकडे धावले आणि कव्हरवरची धूळ उपरण्याने पुसू लागले. मोहाबाई कानोजीकडे धावली. तिने त्याला उचलून आतल्या गादीवर, नव्या अभ्र्यावर निजवले. झिपरूअण्णाने अभ्र्याचे नावही काढले नाही. तेवढी लाज त्याच्यात होती, हे सांगायला हवे. शिदबाने मात्र कुणाला न विचारता स्टेपनीचे कव्हर काढले, चाक जागेवर लावायला लावले आणि गाडी थेट धरणावर नेली. पिल्ले पाणी प्याली.

धरणावर महाराजांनी दरबार भरवला. आधी कानोजीचा सत्कार झाला. शाल, नारळ आणि निष्ठेवर रंगरावांचे भाषण. शाल मोठी होती, त्यामुळे पाय झाकले गेले. मग घाटातल्या प्रकाराची चौकशी झाली आणि तीत उतार दोषी ठरला. वेल्डिंगबद्दल मेहुण्याची साक्ष काढली, तेव्हा तो म्हणाला की आपण हार उत्तम घातला होता. ते खरेच होते.

शेवटी कपाशीला उभे केले. तिच्यावर आरोप होता, की महाराज समोरून येत असताना तिने पाठ फिरवून चरात उडी मारली.

"आम्ही येत होतो," महाराज म्हणाले. "तुला आम्ही दिसलो नाही?"

"दिसलात, महाराज," कपाशी म्हणाली. "पण तुमच्या मागं चाक होतं."

महाराजांचे नुकतेच जेवण झाले होते, म्हणून त्यांनी दया केली. शिक्षा एवढीच, की यापुढे कपाशीने पिल्लांसह नेहमी त्या ट्रेलरच्या मागूनच चालावे, म्हणजे तिला महाराजांकडे तोंड करण्याची सवय लागेल. आणि झिपरूअण्णाला हुकूम झाला, की स्टेपनी पुन्हा मागेच टांगावी. या वेळी कव्हर मोठे देण्यात आले.

कपाशी रडली नाही. ती मोहाबाईकडे गेली आणि दोघी बराच वेळ ट्रेलरच्या आडोशाला बोलत बसल्या.

पाऊस होऊन तळे भरले, तेव्हा परतायची तयारी सुरू झाली. डावे चाक नवे आणले होते. एका दुपारी रंगराव जेवून घोरत असताना मोहाबाई, शिदबा आणि झिपरूअण्णासुद्धा ट्रेलरखाली शिरले. स्टेपनी चासीला लागली. आडवी पट्टी घातली, जाड बोल्ट आवळले. शिदबाने शिंगाने हिसके देऊन पाहिले, ती तसूभर हलली नाही. तोवर कपाशीने नव्या कव्हरमध्ये वाळके गवत ठासून भरले, तोंड शिवले आणि मागे दोरीने टांगले. अगदी स्टेपनीसारखे गोल, फुगलेले. महाराज पहिल्यापेक्षा जास्त हसत होते.

झोपेतून उठून रंगरावांनी पाहणी केली. लांबूनच हात जोडले. "आता कसे भरदार वाटतात," ते म्हणाले. मोहाबाईने मान डोलावली.

घाट उतरताना, चढताना काही झाले नाही. ससे मागून निर्धास्त चालत होते. महाराज पडले असते, तर सशांची न्याहारी झाली असती.

कानोजी आता आत बसतो. मागच्या खिडकीशी त्याची गादी आहे. पहिल्या दिवशी त्याने खिडकीतून बाहेर वाकून महाराजांना हात जोडले, तेव्हा त्याच्या नाकाला वास आला. सशाला गवताचा वास कळणारच. आपल्या पायांवरच्या शालीकडे त्याने एकदा पाहिले. मग शिवणीतून एक काडी ओढली आणि खाल्ली.

तेव्हापासून तो रोज एक काडी ओढतो. महाराजांचे गाल थोडे बसत चालले आहेत. हसू मात्र तेच आहे आणि वाटेत भेटणारे अजूनही थांबून हात जोडतात.

तात्पर्य : जादा चाक गाडीच्या पोटाखाली, चासीला घट्ट आवळून ठेवावे, असे शहाणे सांगतात. ठेवा बापडे, पण कुणाला सांगू नका. निष्ठा मात्र गाडीच्या मागे, सगळ्यांना दिसेल अशीच टांगावी. फक्त तिच्यात गवत भरावे, म्हणजे मागून चालणाऱ्यांचे पाय शाबूत राहतात.