मालूमावशींचं राहिलेलं कडवं

लंडनमधल्या एजवेअरच्या सुपरमार्केटमध्ये नारळाचं ते गाणं लागलं की मालूमावशी बास्केट खाली ठेवतात. गाणं संपेपर्यंत कोबीशेजारी सावधानमध्ये उभ्या राहतात. संपलं की हात वर करून म्हणतात, "एक मिनिट! एक कडवं राहिलंय." आणि इंग्रजीत गायला लागतात.

तिसऱ्या ओळीपर्यंत सिक्युरिटीवाला पोचतो. "मॅडम, प्लीज."

"शेवटची ओळ राहिलीच मेली!" बाहेर आल्यावर मावशी माझ्यावर डाफरतात, जणू त्याला मीच बोलावलं होतं. मी त्यांची शेजारीण, म्हणून पिशव्या आणि बोलणी दोन्ही माझ्याकडे.

गॅस कंपनीच्या फोनवरही, होल्डवर ठेवलं की हेच गाणं. तिथेही तिसऱ्या ओळीला कुणीतरी लाइनवर येतं आणि मीटरचं रीडिंग मागतं.

गाणं लॉर्ड बॅरोमीटरचं. या देशात वाडवडिलांच्या जिवावर लॉर्ड झालेले पुष्कळ. हा त्रिनिदादहून बोटीने आला आणि पदवी स्वतःच घेऊन मोकळा झाला. कॅलिप्सो गाणाऱ्यांची ती रीतच. कॅलिप्सो म्हणजे चालू घडामोडींवर, हसतहसत चिमटे काढणारं तिकडचं गाणं. याने ते इथल्या डान्स हॉलांत नेलं, मग रेडिओवर, मग घराघरांत. मालूमावशी तेव्हा दादरहून नर्सिंगला आलेल्या. आठवडाभर हॉस्पिटल आणि शनिवारी लॉर्डच्या मागे कोरस. "मी तिसरा आवाज," त्या सांगतात. "पहिल्या दोघी नुसत्या दिसायला."

गाण्याला मुळात चार कडवी. तिनांत नारळ, समुद्र, ऊन. चौथं लंडनमध्ये भाड्याची खोली शोधण्याचं आणि खिडक्यांतल्या 'काळे नकोत' या पाट्यांचं. रेकॉर्ड कंपनीने नेमकं तेच कापलं. गिऱ्हाइकाला नारळ हवा होता, खोली मागणारा माणूस नको होता. नारळ असा खपला की लॉर्डला पुढे जन्मभर फुलाफुलांच्या शर्टात, थंडीने कुडकुडत, ऊन गावं लागलं. चौथं कडवं कुठेच रेकॉर्ड झालं नाही. आता ते फक्त मावशींना पाठ आहे.

आमच्या मराठी मंडळाला मावशींची लाज वाटते. "गणपतीत एखादा अभंग म्हणा की, मावशी," अध्यक्ष सुचवतात. हे अध्यक्ष घराची वरची खोली भाड्याने देतात आणि जाहिरातीत लिहितात, 'फक्त आपल्यातले, शाकाहारी.' मावशींनी अभंगाऐवजी चौथं कडवं धरलं. तिसऱ्या ओळीला अध्यक्षांनी आरती सुरू केली.

लॉर्ड गेला तेव्हा लायब्ररीत त्याची स्मरणसभा झाली. मावशींनी आधीच पाच मिनिटं मागितली होती. संयोजिका बाई गोड हसल्या. "हाउ लव्हली! पण आपण सगळं पॉझिटिव्ह ठेवू या, नाही का?"

छताला कागदी नारळ टांगले होते. वक्ते विविधतेवर बोलले, सगळे एकाच सुरात. शेवटी रेकॉर्ड लागली. ती संपली आणि मावशी उठल्या.

"एक कडवं राहिलंय."

पहिली ओळ. दुसरी. मावशींचा आवाज थरथरत होता, पण ठेका पक्का. तिसऱ्या ओळीला संयोजिका माइककडे निघाल्या. मी माझी खुर्ची ओढून थेट त्यांच्या वाटेत बसले.

"एक्स्क्यूज मी," त्या म्हणाल्या.

"नो," मी म्हटलं.

शेवटची ओळ मी त्या दिवशी प्रथमच ऐकली. घरमालकिणीने तोंडावर दार लावलंय, बाहेर पाऊस आहे, आणि लॉर्ड गातो: लांब वेणीची माझी सखी म्हणाली, चल, सकाळपर्यंत चालत राहू, छत्री दोघांना पुरेल.

पुढच्या रांगेतल्या एका त्रिनिदादच्या म्हाताऱ्याने टोपी काढून मांडीवर ठेवली.

मावशी येऊन माझ्याशेजारी बसल्या. मी हळूच विचारलं, "मावशी, केवढी होती वेणी?"

त्यांचा हात मानेमागे गेला. तिथे आता पांढरे, आखूड कापलेले केस आहेत. हात तिथेच राहिला.

"रेकॉर्डवर मावली नाही," त्या म्हणाल्या.