डाव्या कुशीवरचं जनावर

फोन वाजला तेव्हा शिंपी तपासणीच्या खुर्चीत बसून समोरच्या तक्त्यावरच्या शेवटच्या ओळीशी झटापट करत होता. नाकावर ती जड, गोल फ्रेम. उजव्या डोळ्यापुढे भिंग, डाव्यापुढे नुसतं भोक. डाव्या डोळ्याचं भिंग हातात धरून चष्मेवाले शेजारी उभे होते. त्यांनी फोन कानाला लावला आणि भिंग तसंच खिशात टाकलं.

"काय सांगता! सगळी? कळ्या नाहीत ना आता? नक्की फुलंच ना?"

पलीकडे डोंगरावरचा वनरक्षक होता. चष्मेवाले त्याला रोज फोन करून भंडावत होते आणि तो रोज "कळ्या" एवढंच म्हणून फोन ठेवत होता. आज मात्र तो म्हणाला, "या आता. पठार जांभळं झालंय. पण वारं सुटायची चिन्हं आहेत. उद्या आलात तर फुलं, परवा आलात तर देठं."

चष्मेवाल्यांनी दिवे घालवायला सुरुवात केली.

"अहो, माझा डावा डोळा राहिला ना!" शिंपी ओरडला.

"डोळा कुठे पळून जातोय? फुलं पळतात," असं म्हणून चष्मेवाल्यांनी त्याच्या नाकावरची फ्रेम उतरवली आणि त्याला अर्धवट तपासून रस्त्यावर काढलं.

चष्मेवाले गावातल्या छायाचित्र मंडळाचे सेक्रेटरी होते, आणि हे पद ते अंगात आल्यासारखं भूषवत. मंडळाचे नियम त्यांनीच केले होते आणि दर सहलीला बसमध्ये उभं राहून ते तेच वाचून दाखवत. ठरलेल्या वाटेवरूनच चालायचं. फुलांत पाऊल टाकायचं नाही. चुकून कोणी फुलांत गेलंच, तर त्याने जागचं हलायचं नाही, फळी टाकून त्याला बाहेर काढण्यात येईल. गेल्या वर्षी दातांच्या डॉक्टरांनी कॅमेऱ्याच्या स्टँडचा एक पाय फुलांत टेकवला, म्हणून चष्मेवाल्यांनी त्यांना सगळ्यांसमोर झापलं होतं आणि सबंध दिवस बसमध्ये बसवून ठेवलं होतं. डॉक्टर ते विसरले नव्हते.

या वर्षी सहलीला चष्मेवाल्यांची बायकोही होती. लग्न झाल्यापासून ती हा बहर बघायचा म्हणत होती, आणि चष्मेवाले दर वर्षी "मी आधी बघून येतो, मग तुला नेतो" म्हणत मंडळाबरोबर जाऊन येत. मग तिला नेईपर्यंत वारं सुटलेलं असे. देठांशी तिची चांगलीच ओळख झाली होती. या वेळी मात्र चष्मेवाल्यांनी शब्द दिला होता, "पहिलं फूल तू बघायचंस. माझ्याआधी." तिने त्यासाठी नवे बूट घेतले होते, आणि घरातल्या घरात घालून ते आठवडाभर चालवलेही होते.

मंडळी संध्याकाळी डोंगराखालच्या विश्रामगृहात पोचली. चष्मेवाल्यांना झोप कुठली लागायला! पहाटे बायको गाढ झोपलेली बघून त्यांच्या मनात पाप आलं. पहिलं ऊन पठारावर पडतं तेव्हा आपण तिथे नसणार म्हणजे काय? नुसतं जाऊन यायचं, तिला उठायच्या आत. ते कॅमेरा घेऊन चोरासारखे बाहेर पडले.

पठाराच्या तोंडाशी, वाटेला लागूनच, फुलांचा दाट ताटवा होता. मधोमध एक फूल इतरांहून वीतभर उंच, पाकळ्यांवर दव. वाटेवरच्या दगडावर उभं राहून चष्मेवाले पुढे झुकले, आणखी झुकले, आणि कॅमेरा डोळ्याला लावलेलाच असताना दगडावरून निसटून सपशेल फुलांत पडले.

इथवर तो अपघात होता. ते लगेच उठले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण आडवं पडल्यावर त्यांना दिसलं की खालून फुलं फारच सुंदर दिसतात. नाहीतरी पडलोच आहोत, असं म्हणून त्यांनी दोन फोटो काढले. मग जरा सरकून आणखी दोन. ऊन यायला थोडा अवकाश होता, खाली मऊ होतं, रात्रभर डोळ्याला डोळा नव्हता. चष्मेवाले ऊन येईपर्यंत म्हणून कुशीवर वळले आणि त्यांना झोप लागली.

जाग आली तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. आपण काय केलं ते त्यांच्या लक्षात आलं. ते उड्या मारत वाटेवर आले, धावत खाली गेले आणि पांघरुणात शिरून खोटंखोटं घोरू लागले. "अहो, उठा ना," बायको थोड्या वेळाने म्हणाली, "आज तरी माझ्याआधी उठाल असं वाटलं होतं." चष्मेवाल्यांना डोळे उघडायचीही लाज वाटली.

नाश्ता करून सगळी मंडळी वर निघाली, तर पठाराच्या तोंडाशी वनरक्षक दोन्ही हात पसरून उभा.

"थांबा! पुढे यायचं नाही. जनावर बसून गेलंय इथे."

ताटव्यात भलामोठा खळगा पडला होता. आजूबाजूला फुलं ताठ उभी, आणि मधे कोणीतरी ऐसपैस लोळून गेल्यासारखी भुईसपाट. मंडळातल्या भूगोलाच्या बाईंनी चष्मा वर सरकवून निरखून पाहिलं आणि त्या म्हणाल्या, "अस्वल. शंकाच नको."

"एखादा दगड घरंगळला असेल," चष्मेवाले घाईघाईने म्हणाले.

"आणि दगड उठून गेला कुठे?" डॉक्टरांनी विचारलं. ते एव्हाना दोन पायांवर बसून खळग्याचा अभ्यास करत होते. "पोट बघा केवढं आहे! चांगलं खाऊन-पिऊन सुखी जनावर दिसतंय. आळशीही असणार."

"आळशी कशावरून?" चष्मेवाले म्हणाले.

"एवढ्या फुलांत येऊन झोपलं म्हणजे आळशीच की. मान मात्र अजिबात नाही त्याला."

"मान आहे!" चष्मेवाल्यांच्या तोंडून निघून गेलं. सगळे वळून बघायला लागले तसे ते म्हणाले, "म्हणजे, अस्वलाला मान असते. सर्वसाधारणपणे."

वनरक्षकाने वाटेवर दोरी बांधली. "साहेब येऊन पाहणी करतील, मग वाट उघडेल. चार दिवस तरी जातील. माझ्या हातात काही नाही."

चार दिवसांनी काय उरणार हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. वारं आत्ताच कानाला लागत होतं. दोरीपलीकडे चढाव होता, चढाव संपला की पठार, आणि पठारावर तो बहर. चष्मेवाल्यांना सगळं खरं सांगून टाकावंसं वाटलं. पण डॉक्टर समोर उभे होते. बसमध्ये वाचून दाखवलेला एकेक नियम आठवून त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तोंड उघडलं, तर आतून फक्त खोकला आला.

एवढ्यात बायको दोरीपाशी आली. तिने खळगा पाहिला. डोकं एका बाजूला कलंडवून पुन्हा पाहिला. डावी कूस. डावा हात गालाखाली. उजवा गुडघा पोटाशी घेतलेला, डावा पाय लांब ताणलेला. तिने नवऱ्याकडे पाहिलं. रोज सकाळी गादीवरची चादर तीच नीट करत असे.

चष्मेवाल्यांना कळलं की तिला कळलंय. आता ती बोलणार म्हणून त्यांनी डोळे मिटले.

ती जवळ आली. त्यांच्या कॉलरमागून तिने एक जांभळी पाकळी काढली, कोणाला दिसणार नाही अशी मुठीत घेतली आणि मोठ्याने म्हणाली, "चला, परत जाऊ या. पुढच्या वर्षी बघू."

आणि ती खरंच वळली. नव्या बुटांनी उतारावर पाय जपून टाकत चालायला लागली. तिने शिव्या घातल्या असत्या तर चष्मेवाल्यांनी त्या निमूट ऐकून घेतल्या असत्या. पण हे त्यांच्याने सोसवेना.

"तो मी आहे!" ते ओरडले. "अस्वल वगैरे काही नाही. मीच पडलो, मीच झोपलो."

मग भूगोलाच्या बाईंचे डोळे भरून आले. "बघा, याला म्हणतात नवरा! बायकोला फुलं दिसावीत म्हणून केवढा आळ अंगावर घेतला!"

"सेक्रेटरी, मानलं तुम्हाला," डॉक्टरही म्हणाले. "पण तुम्ही आणि फुलांत झोपाल? शक्यच नाही. तुमचे नियम आम्हाला पाठ आहेत."

"अहो, खरंच मी!"

वनरक्षकाने डोकं खाजवलं. "खात्री पटली तर मी दोरी काढीन. पडून दाखवता?"

म्हणून सगळ्या मंडळासमोर चष्मेवाले खळग्यात उतरले आणि डाव्या कुशीवर झोपले. पोट पोटाच्या जागी बसलं. गुडघा गुडघ्याच्या जागी. कुठे बोटभरही फट राहिली नाही. भूगोलाच्या बाईंनी डोळे पुसायचा रुमाल घडी करून पर्समध्ये ठेवला.

"दोरी काढतो," वनरक्षक म्हणाला.

चष्मेवाले उठायला लागले, तोच डॉक्टरांनी हात वर केला. "अंहं! फुलांत गेलेल्याने जागचं हलायचं नाही. फळी येईपर्यंत." हे सांगताना त्यांचा चेहरा इतका प्रसन्न होता की चष्मेवाल्यांना तिकडे बघवेना.

फळी खाली वनरक्षकाच्या चौकीत होती. ती येईपर्यंत मंडळी एकेक करून त्यांच्यावर एकेक नजर टाकत पठाराकडे गेली. बायको सगळ्यांत शेवटी थांबली. तिने वाकून त्यांच्या गळ्यातला कॅमेरा काढून घेतला.

"तुला चालवता येतो?" त्यांनी पडल्या पडल्या विचारलं.

"बटण दाबायचं ना?" ती म्हणाली आणि गेली.

थोड्या वेळाने वरून "अगंबाई!" असा तिचा आवाज आला. चष्मेवाल्यांना लाज वाटत होती, पण त्या लाजेतही त्यांना बरं वाटलं.

पुढच्या आठवड्यात शिंपी उरलेला डोळा तपासायला दुकानात आला. अक्षरांच्या तक्त्याशेजारी आता एक मोठी फ्रेम टांगलेली होती. बायकोने काढलेल्या फोटोंतला तिला आवडलेला फोटो, तिनेच मोठा करून आणला होता. फुलं आणि मधे चष्मेवाले उठून गेल्यावरचा रिकामा खळगा. जागाही तिनेच ठरवली होती, खुर्चीत बसणाऱ्याच्या अगदी नजरेसमोर.

चष्मेवाल्यांनी शिंप्याच्या डाव्या डोळ्यापुढे भिंग बसवलं. "वाचा."

"ओळ नाही लागत अजून," शिंपी म्हणाला. "पण शेजारचं चित्र एकदम लख्ख दिसतंय. जांभळी फुलं... आणि मधे कोणीतरी लोळून गेलंय हो! कोण मेला असा?"

पडद्यामागे बायको बिलं लावत होती. तिचा हात थांबल्याचं चष्मेवाल्यांना ऐकू आलं.

"नंबर बरोबर आहे," ते खाली मान घालून म्हणाले. "उतरा."