ऑप्स नॉर्मल, परचुरे

परचुरे काका वॉशरूमला जाताना सांगून जातात आणि बाहेर आल्यावर म्हणतात, "ऑप्स नॉर्मल." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, डॉक्टरांनी लक्ष ठेवायला सांगितलं असेल.

तसं काही नव्हतं. आम्ही दोघं एडमंटनच्या एका हौशी हवाई शोधपथकात आहोत. विमान बेपत्ता झालं, शिकारी वाट चुकला, की छोट्या विमानांतून शोधायला निघणारी बिनपगारी माणसं. विमान वर असेपर्यंत दर अर्ध्या तासाने रेडिओवरून जमिनीवर कळवायचं, "ऑप्स नॉर्मल". म्हणजे सगळं ठीक आहे. कळवलं नाही, तर खालच्यांनी शोध सुरू करायचा.

काका निवृत्त इंजिनिअर. विमानात खिडकीतून खाली बघत बसायचं आणि रेडिओवरून कळवायचं काम त्यांचं. बाकी आम्ही हा नियम विमानात सोडून येतो, काकांनी तो घरी नेला. ग्रोसरी झाली की पार्किंगमधून मला फोन. बर्फ शोव्हल करून झालं की फोन. गणपतीच्या जेवणात त्यांना मठ्ठा वाटायला उभं केलं, तर पातेल्यामागून दर थोड्या वेळाने हात वर करून, "ऑप्स नॉर्मल!" मी मीटिंगहून घरी पोचल्याचं कळवलं नाही तर मला झापतात. "अगं वैशाली, तू पोचलीस हे मला कोण सांगणार? टीव्हीवाले?"

टीव्हीवाले माझ्याकडे, म्हणून हा टोमणा. मी पथकाची जनसंपर्क अधिकारी. पत्रकारांशी बोलायचं, ट्विटरवर फोटो टाकायचे, कुणी भलतंसलतं बोलत असेल तर त्याला बाजूला घ्यायचं. कॅनडाच्या दीडशेव्या वाढदिवसाच्या वर्षी शोधपथकांच्या राष्ट्रीय परिषदेला एडमंटनहून आम्ही दोघं गेलो. विमानातून उतरताना काका दारातल्या एअर होस्टेसला "ऑप्स नॉर्मल" म्हणाले. ती "थँक यू, सर" म्हणाली.

परिषदेत मी एक गोष्ट ठरवून केली होती. मेगन नावाची तिथली एक तरुण पत्रकार शोधविमानात बसवायची. शेजारी काका, पुढे पायलट. विमानतळ छोटा, टॉवरही नसलेला. चढताना मेगनचे हात थरथरत होते. छोट्या विमानात ती पहिल्यांदाच बसत होती. मी तिला म्हटलं, "इट्स पर्फेक्टली सेफ." हे वाक्य मला पुढे बराच वेळ ऐकू येत राहिलं.

हँगरमध्ये रेडिओवर मॉन्ट्रियलची लुईझ होती. अर्धा तास झाला. निरोप नाही.

"आता येईल," मी म्हटलं. "त्या विमानात परचुरे आहेत."

लुईझने हाक मारली. रेडिओ नुसता खरखरला. तिने पुन्हा हाक मारली. पश्चिमेकडे तळ्यावर ढग उतरत होते. देशभरातून जमलेली, हरवलेली माणसं शोधायला शिकलेली सगळी मंडळी कॉफीचे कप घेऊन एकेक करून त्या टेबलाशी आली. हीच गोष्ट सगळ्यात भीतीदायक. यांना पुढे काय होऊ शकतं ते माहीत असतं.

दुसऱ्या निरोपाचीही वेळ टळली. लुईझ "मों द्यू", म्हणजे अरे देवा, एवढंच पुटपुटली आणि तिने बचावकेंद्राचा फोन लावायला घेतला. मेगनचा कॅमेरावाला मला विचारत होता, "इज समथिंग राँग?" मी म्हटलं, वुई आर चेकिंग. मग कोपऱ्यात जाऊन मी फोनवर निवेदन टाइप करायला घेतलं. कुणाला तरी ते करावंच लागतं. प्रत्येक अक्षर दोनदा उमटत होतं. काकांचं नाव लिहायची वेळ आली आणि लक्षात आलं, मला त्यांचं पहिलं नावच माहीत नाही.

तेवढ्यात बाहेर कुणीतरी ओरडलं. ढगांखालून विमान येत होतं. सरळ, शांत, काही झालंच नसल्यासारखं.

मेगन उडी मारून उतरली. "आय डिड द ऑप्स नॉर्मल! ट्वाइस!"

झालं होतं ते असं. वर हादरे बसायला लागले तशी मेगन रडकुंडीला आली. काकांनी आजवर कुणाच्याही हाती न दिलेला पथकाचा रेडिओ तिच्या हाती दिला. "तू कळव. खाली लोक थांबलेत." हाताला काम मिळालं की थरथर कमी होते म्हणे. तिने झकास कळवलं. फक्त रेडिओचा खटका विमानातल्या विमानात बोलायच्या बाजूला होता, त्यामुळे लुईझच्या हाकाही वर पोचत नव्हत्या. मेगनने 'सगळं ठीक आहे' हे काकांना आणि पायलटला दोनदा सांगितलं होतं.

सगळे हसले. मला हसू येईना. मी काकांना एका बाजूला घेतलं.

"काका, तिचं सोडा. तुम्ही! खालून उत्तर आलं नाही, हे तुम्हाला कळलं नाही?"

काका हेडसेटची वायर गुंडाळत होते. गुंडाळलेली सोडून त्यांनी पुन्हा गुंडाळली.

"चुकलंच," ते म्हणाले. "उत्तर यायला हवं होतं, हे डोक्यातच आलं नाही गं. मंदा गेल्यापासून घरी आलो की दारात उभा राहून सांगतो, ऑप्स नॉर्मल. तिथे कुठे उत्तर येतं? सवय गेलीये ऐकायची."

मी म्हटलं, चला, कॉफी संपेल.

संध्याकाळी हॉटेलच्या खोलीतला फोन वाजला.

"परचुरे बोलतोय. रूमवर पोचलो. ऑप्स नॉर्मल."

एरवी मी "बरं बरं" म्हणून ठेवून देते.

"काका, तुमचं पहिलं नाव काय?"

"विनायक. का गं?"

"विनायक परचुरे, ऑप्स नॉर्मल. ऐकलं. उद्या एडमंटनला घरात शिरलात की पुन्हा कळवा, मी वाट बघते."