डेल्मरचा बर्फ

डेल्मर हाउगेचं बर्फ उडवायचं यंत्र सुरू झालं की आर्विड टोलेफ्सरुड स्वयंपाकघराच्या खिडकीशी जाऊन उभा राहायचा, पण पडद्याआड. शेजारी न सांगता आपल्या दारातला बर्फ काढतोय हे आपण पाहिलं, असं त्याला कळू देणं फॉस्बर्ग गावात आगाऊपणाचं समजलं जाई. काम झालं की डेल्मर खिडकीकडे न बघता हात वर करायचा. आर्विडही पडद्याआड हात वर करायचा. बायको गेल्यापासून आर्विडच्या आठवड्यातली भेटगाठ म्हणावी तर एवढीच होती.

अडचण अशी की डेल्मर तो सगळा बर्फ आर्विडच्या घराच्या भिंतीला लावत असे. घराच्या पायाशी बर्फाचा बांध घातला की घर उबदार राहतं, हे त्याला वडिलांनी शिकवलं होतं, आणि वडिलांच्या काळी ते खरंही होतं. पण आता त्याच भिंतीतून, गुडघ्याच्या उंचीवर, तळघरातल्या, घर तापवणाऱ्या गॅसच्या भट्टीचे दोन पांढरे पाइप बाहेर आले होते. एकातून भट्टी हवा ओढे, दुसऱ्यातून धूर सोडे. त्यांच्यापुढे बर्फ साचला तर धूर तिथेच घुटमळतो, पहिल्या पाइपातून पुन्हा आत ओढला जातो, ज्योतीला हवा पुरत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. माणूस खुर्चीत बसल्याबसल्या पेंगतो आणि पेंगलेलाच राहतो.

डेल्मरला तसं सांगितलं की झालं. आर्विडने आरशासमोर वाक्य म्हणूनही पाहिलं. पण न मागता केलेल्या उपकारात खोट काढायची कशी? आणि वाईट वाटून तो यायचाच थांबला तर? मग त्या घरात भट्टीखेरीज कुणाचाच आवाज उरला नसता.

म्हणून डेल्मर घरात गेला की आर्विड फावडं घेऊन हळूच बाहेर यायचा आणि पाइप मोकळे करायचा. पुढच्या बर्फाला डेल्मरला बांध ढासळलेला दिसला. त्याने दोष वाऱ्याला दिला आणि या वेळी बर्फ फावड्याने थोपटून घट्ट बसवला. आर्विडने तोही काढला. वारा फारच जोर करतोय असं पाहून डेल्मरने त्यानंतर नव्या बांधावर बादल्या भरून पाणी ओतलं. बघता बघता त्याचा दगड झाला. आर्विडचं फावडं त्यावरून टणकन उडालं. त्याने पाइपांपुढे मुठीएवढं भोक पाडलं, आणि उरलेलं उद्या बघू म्हणून तो आत गेला.

पाइप पुरते बुजले असते तर भट्टी आपली आपणच बंद पडली असती. मुठीएवढ्या भोकामुळे ती रडतखडत चालू राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण उरकतंय तोच भिंतीवरचा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म कानठळ्या बसतील असा वाजू लागला. आर्विड कोट घालून रस्त्यावर आला. त्याने अग्निशमनवाल्यांना फोन केला आणि त्रास दिल्याबद्दल दोनदा माफी मागितली.

डेल्मर आपल्या दारातून हे पाहत होता. तो सावकाश जवळ आला. दोघे थंडीबद्दल बोलले. आतला आवाज साऱ्या गल्लीत घुमत होता.

"तुमच्याकडे काहीतरी वाजतंय," शेवटी डेल्मर म्हणाला.

"हो, वाजतंय जरा."

गाडी आली. जोलीन स्कार नावाच्या प्रमुखबाईंनी आत जाऊन हवा मोजली, भट्टी बंद केली, मग घराला वळसा घालून त्या पाइपांपाशी उभ्या राहिल्या. हा बर्फ इथे कोणी रचला, असं त्यांनी विचारलं.

"वारा," आर्विड म्हणाला.

जोलीनबाईंनी बर्फावर फावड्याने थोपटल्याच्या खुणा पाहिल्या. डेल्मरने टोपी काढली, पुन्हा घातली. "वारा नाही, मी," तो म्हणाला. "तुम्ही बोलला का नाहीत?"

"तुम्ही इतके कष्ट घेत होता."

मेकॅनिक तपासून जाईपर्यंत भट्टी लावायची नव्हती, म्हणजे रात्र दुसरीकडे काढणं आलं. कुठे जायची सोय आहे का, असं बाईंनी विचारलं. आहे, असं आर्विडने ठोकून दिलं. गाडी गेल्यावर डेल्मरने त्याला घरी बोलावलं. आर्विड नको म्हणाला. डेल्मरने पुन्हा बोलावलं. आर्विड पुन्हा नको म्हणाला. तिकडची रीतच तशी, दोनदा नाही म्हणायचं आणि तिसऱ्यांदा बरं म्हणायचं. पण आधीच एक आगाऊपणा अंगाशी आलेला डेल्मर तिसऱ्यांदा विचारायला धजला नाही. मान हलवून तो घरात गेला. आर्विड बर्फात उभा राहून तिसऱ्या आमंत्रणाची वाट पाहत राहिला. पायाची बोटं बधिर झाल्यावर त्याने जाऊन दार वाजवलं.

"तुम्ही तिसऱ्यांदा विचारायला विसरलात," तो म्हणाला.

डेल्मरच्या स्वयंपाकघरात एकच खुर्ची रिकामी होती. दुसरीवरची वर्तमानपत्रं त्याने जमिनीवर ठेवली. कॉफी झाली.

"बरं झालं आलात," डेल्मर म्हणाला. "एकट्याने बसून बसून डोकं जड होतं माझं. हिवाळा लागला की रोजचंच. तुमच्याकडे बर्फ काढायला आलो की मात्र एकदम हलकं वाटतं."

आपल्या दारात येऊन कुणाला हलकं वाटतं, असं आर्विडला कित्येक वर्षांत कोणी म्हणालं नव्हतं. त्याने ते वाक्य एक घोटभर तसंच राहू दिलं. मग डेल्मरच्या भट्टीचे पाइप कुठे निघतात, हे त्याने विचारलं. डेल्मरने भिंतीकडे बोट केलं. दोन घरांमधल्या अरुंद बोळात, आर्विडच्या पाइपांसमोरची ती भिंत होती. आपल्या पाइपांवरचा सगळा बर्फ आर्विड तिथेच तर फेकत आला होता.

"तुमचा अलार्म?"

"ड्रॉवरमध्ये. सारखा ओरडायचा, म्हणून बॅटरी काढून ठेवला."

आर्विडने कप खाली ठेवला. "डेल्मर, कोट घाल. बाहेर चल."

बाहेरून आर्विडने पुन्हा फोन केला तेव्हा अग्निशमनवाल्यांची गाडी जेमतेम केंद्रावर पोचली होती. ती तशीच उलटी फिरली. बोळात उभं राहून जोलीनबाईंनी एकदा या भिंतीकडे आणि एकदा त्या भिंतीकडे पाहिलं. डेल्मरला गाडीच्या मागच्या पायरीवर बसवून तोंडाला ऑक्सिजन लावला, आणि इस्पितळात नेऊन रक्त तपासायचं ठरलं. आर्विड सोबत म्हणून शेजारी बसला.

थोड्या वेळाने डेल्मरने मास्क बाजूला केला. "म्हणजे तुझ्याकडे यायचो तेव्हा बरं वाटायचं, ते नुसतं मोकळ्या हवेमुळे?"

"हवेमुळेच असणार," आर्विड म्हणाला.

डेल्मरने यावर विचार केला. मास्क पुन्हा लावून चार श्वास घेतले, पुन्हा काढला.

"उद्या बर्फ सांगितलाय?"

"नाही. आठवडाभर नाही."

"मग यंत्राशिवाय येईन," डेल्मर म्हणाला, आणि आर्विडला नाही म्हणायला वेळ मिळू नये म्हणून त्याने घाईघाईने मास्क लावून घेतला.